डिंकमावशींचा कोंबडा

आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरांच्या दारावर माणसाएवढी पांढरीशुभ्र दाढ आहे. कितीतरी वर्षं ती ऊन-पावसात उभी आहे, पण तिची एक कड सुटलेली नाही की तिला चीर गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, "एवढी पक्की दाढ मी कुणाच्या तोंडात पाहिली नाही. सगळ्यांच्या अशा झाल्या तर मला दुकान बंद करावं लागेल."

ही दाढ डिंकमावशींनी केलेली. आईस्क्रीमच्या दुकानावरचा वितळायला आलेला आणि कधीच न वितळणारा कोन त्यांचाच. बागेतल्या घसरगुंडीशेजारच्या गुडघ्याएवढ्या लाल छत्र्याही त्यांच्याच. फोम आणि प्लॅस्टिकची सजावट पुष्कळ जण करतात, पण मावशींची सजावट उघड्यावरची. घरातली शोभेची वस्तू त्या करत नाहीत. "घरात काय, थुंकी लावली तरी चिकटून राहतं," म्हणतात.

आमच्या शाळेच्या फाटकावरही त्यांनी केलेला एक हसरा सूर्य होता. पहिल्या दिवशी रडत येणारी लहान मुलं त्याच्याकडे बघत क्षणभर रडायची थांबत, आणि तेवढ्यात मी त्यांचा हात आईच्या हातातून माझ्या हातात घेत असे. मी निवृत्त झाले तेव्हाही सूर्य जागच्या जागी होता. कितीतरी मुलं मला मावशींनी मिळवून दिली असं मी मानते. त्यांना तसं म्हटलं की त्या म्हणतात, "काहीतरीच काय बाई! डिंक चांगला होता, एवढंच."

डिंक चांगला होता, हे म्हणायला त्यांना फार शिकावं लागलं. त्यांचं पहिलंच काम एका चपलांच्या दुकानाचं होतं. थर्मोकोलची मोठी मोठी अक्षरं पाटीवर चिकटवायची होती. दुकानदाराने मोठ्या मनाने चपलांचं रबर सोल्यूशन डबाभर दिलं. म्हणाला, "माझ्या चपला यानेच टिकतात, तुमची अक्षरंही टिकतील." मावशींनी भरपूर लावलं, अक्षरं दाबून बसवली आणि चहा प्यायला आत गेल्या. परत येऊन बघतात तर अक्षरांना आतून भोकं पडत चाललेली. सोल्यूशनने थर्मोकोल खाऊन टाकला होता.

"दुकानदार मला विचारतो, तुमच्याकडे उंदीर आहेत का हो?" मावशी हे सांगताना अजून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. "मी म्हटलं, उंदीर नाहीत, तुमचा डबा आहे!"

दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून मावशी कुठलाही डिंक आधी परीक्षेला बसवतात. त्यांच्या गच्चीवर एक लांब फळी आहे. तिच्यावर फोमचे आणि प्लॅस्टिकचे हातभर तुकडे वेगवेगळ्या डिंकांनी चिकटवलेले असतात. काही दिवस उन्हात, मग बादलीत बुडवून, मग पुन्हा उन्हात, आणि शेवटी कडेला धरून ओढायचं. सुटला तो नापास. माझी हयात परीक्षा घेण्यात गेली, म्हणून असेल, मला त्या फळीपाशी बसून गप्पा मारायला आवडतं. मावशी एकेकाची ओळख करून देतात, वर्गातल्या मुलांची करून द्यावी तशी.

"हा पांढरा. लाकडाला सोन्यासारखा. पण दोन फोमच्या मधे सापडला की याला वारा मिळत नाही, आतल्या आत ओला राहतो. वर पाऊस लागला की पुन्हा दूध. हा ग्लूगनचा. सकाळी शहाणा, भर दुपारी लोणी. आणि हा झटपटवाला. हा माझ्या बोटांशी जेवढा इमानदार आहे तेवढा दुसऱ्या कुणाशीच नाही."

"आणि हे तुकडे नुसतेच का पडलेत?" मी एकदा विचारलं.

"ते बादलीचं प्लॅस्टिक. त्याला हात लावा, मेणासारखं लागतं ना? ते कुणाशी सोयरीकच करत नाही. त्याला स्क्रूने बांधायचं, गोडीगुलाबीने येत नाही ते."

मावशींचे यजमान सिटी बसचे ड्रायव्हर होते. त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. उंच, खांद्यांत थोडे वाकलेले, आणि आवाज असा की घरातही इंजिन चालू आहे असं समजून बोलतात. त्यांचं आणि मावशींचं दिवसभर काही ना काही चाललेलं असतं.

"सगळ्या घराला डिंकाचा वास," काका म्हणणार.

"तुमच्या डिझेलपेक्षा बरा," मावशी म्हणणार.

काही वर्षांपूर्वी काकांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धूसर डाग पडला. तो वाढत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, मधलं गेलं ते परत येणार नाही, पण कडेकडेचं राहील. म्हणजे समोर माणूस आला तर काकांना त्याचे खांदे दिसतात, केस दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुकं. मला म्हणाले, "बाई, तुमचा अंबाडा दिसतो, तुम्ही दिसत नाही. पण आवाजात दरारा तोच आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही."

रोज सकाळी ते बागेत जातात. तिथल्या मोठ्या झाडाखालच्या बाकावर त्यांच्या जुन्या डेपोतले तिघे-चौघे जमतात आणि साहेबांना शिव्या देतात. साहेब कधीच निवृत्त झाले, पण शिव्या चालू आहेत. बागेपर्यंतचा रस्ता काकांना पाठ आहे. कुठे उतार लागतो, कुठे बेकरीचा वास येतो, कुठे फरशी हलते. अडचण परतताना, अगदी घराशी आल्यावर यायची. आमच्या मागच्या गल्लीतली घरं एका साच्यातून काढलेली. तेच राखाडी फाटक, तीच एक पायरी, तोच बुटका कठडा. डोळसालाही नवखेपणी चकवा लागतो.

एका सकाळी काका फाटक उघडून आत गेले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि गरजले, "अगं, चहा ठेव!" ते घर होतं शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं. वहिनी मशीनवर होत्या. त्या मुकाट्याने उठल्या आणि चहा करून आणला. काकांनी एक घोट घेतला आणि दचकून म्हणाले, "हे आपलं घर नाही."

"कशावरून, काका?"

"साखर आहे यात."

गल्ली पोट धरून हसली. काकाही हसले. मावशी हसल्या, पण त्या दिवसापासून काका बागेतून येईपर्यंत त्यांचं कामात चित्त लागेना.

दुसऱ्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. काका गल्लीत शिरले, घर ओलांडलं तरी कळलं नाही, गल्लीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडले आणि थेट ट्रकच्या रस्त्याशी जाऊन उभे राहिले. भाजीवालीने त्यांना पाहिलं, गाडी तशीच टाकली आणि हाताला धरून घरी आणून सोडलं.  ज्या माणसाने आयुष्यात एक थांबा चुकवला नाही, त्याला स्वतःचं दार सापडेना.

मुलाला कळलं तसा तो आला. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करतो, तिथे एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. मायाळू आणि काळजीखोर. मी त्याला शाळेत शिकवलंय. गृहपाठ झाला असला तरी झाला नसेल या भीतीने तो रडायचा.

"बाबा, आता तुम्ही दोघं माझ्याकडे चला," तो म्हणाला. मी तिथेच होते. "इथे एकटं बाहेर जाणं बंद. मला कामात लक्ष देता येत नाही हो."

"तुझ्याकडे बाग आहे का?" काकांनी विचारलं.

"खाली आहे. मी सुट्टीच्या दिवशी नेईन ना तुम्हाला."

"नेशील," काका म्हणाले. "पार्सल नेतात तसं."

मुलाचा चेहरा उतरला. काकांना तो दिसला नाही, पण गप्प बसणं ऐकू आलं असावं. त्यांनी हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला. म्हणाले, "तू चुकत नाहीस रे. पण मला थोडी मुदत दे."

तेव्हा मावशी मधे पडल्या. "मी दारावर काहीतरी लावते. यांना कडेचं दिसतं ना? गल्लीच्या तोंडापासून नुसत्या रंगाने ओळखू येईल असं मोठं काहीतरी. पावसाचे दिवस संपेपर्यंत बघ. तेवढ्यात हे एकदा जरी चुकले, तर मी स्वतः सामान बांधीन."

मुलगा कबूल झाला. ठरलं ते असं ठरलं. गल्लीत सगळ्यांना ते माहीत झालं, आणि काका बागेतून येण्याच्या वेळेला जो तो काही ना काही निमित्ताने दारात दिसू लागला.

काय लावायचं यावर घरात वाद झाला. मावशी बस म्हणत होत्या. काका म्हणाले, "आयुष्यभर बसच बघितली. आता दारातही बस उभी केलीस तर मी कामावर निघेन." शेवटी कोंबडा ठरला. उंच तुरा, पसरलेली शेपटी, अंगभर पिसं.

"एका घरात दोन कोंबडे कसे नांदायचे?" शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी विचारलं.

"एक आरवतो, दुसरा नुसता उभा राहणार आहे," मावशी म्हणाल्या. "मला दुसराच जास्त उपयोगाचा."

मावशींनी दाट फोमचे जाड थर एकावर एक चिकटवून कोंबड्याचं अंग कोरलं. त्यासाठी त्यांनी पीयू नावाचा डिंक निवडला. त्याला पाणी लागतं. फोमवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, डिंक पसरायचा आणि वर ओझं ठेवायचं, कारण वाळताना तो फुगतो आणि दोन थरांना एकमेकांपासून दूर ढकलतो. त्यांनी वर दोन भरलेल्या बादल्या आणि काकांची जुनी पत्र्याची पेटी ठेवली. एकदा धरला की मग पाणी त्याचं काही करू शकत नाही.

खरा प्रश्न पिसांचा होता. पिसं पातळ प्लॅस्टिकची, वाऱ्यात हलणारी. "नुसता घट्ट डिंक इथे चालायचा नाही," मावशी मला फळीवर दाखवत म्हणाल्या. "हा बघा, दोन नळ्या एकत्र करून लावायचा. दगड झाला. पण उन्हात प्लॅस्टिक एवढं पसरतं आणि फोम तेवढा पसरत नाही. दगड दोघांचंही ऐकत नाही, मग फोमची सालच निघून येते. इथे वाळल्यावरही रबरासारखा राहील असा हवा." त्यांनी सिलिकॉन बघितलं, पण त्याच्यावर रंग बसत नाही. मग फटी बुजवायला वापरतात तसलं, पण रंग चढेल असं एक सीलंट सापडलं. ते उन्हातून गेलं, बादलीतून गेलं. मावशींनी ओढून पाहिलं, मग मला ओढायला लावलं. प्लॅस्टिक वाकलं पण सुटलं नाही. "पहिल्या वर्गात पास," मी म्हणाले. मावशी एखाद्या आईसारख्या खुलल्या.

आता रंग. रंग काकांच्या डोळ्यांनी निवडायचा होता, तेव्हा तो आधी लावून पाहणं भाग होतं. मावशींनी कोरलेला कोंबडा पिसांशिवाय फाटकावर टेकवून ठेवला आणि पांढरा रंग दिला. काका गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

"दिसतो का?" मावशी ओरडल्या.

"काय?"

"कोंबडा!"

"कुठला?"

पांढरा आभाळात हरवत होता. मावशींनी लाल दिला. लाल त्यांना काळपट दिसे, भिंतीसारखा. मग केशरी दिला. थोडा दिसला. मग पिवळा, लख्ख पिवळा. काका गल्लीच्या तोंडाशी नेहमीसारखे, कडेने बघायला मान जराशी वळवून उभे राहिले आणि एकदम त्यांचा बसमधला आवाज सुटला, "दिसला! अगं, दिसला!" बेकरीवालाही बाहेर आला. मावशींनी ब्रश डब्यात ठेवला आणि कठड्यावर बसल्या. 

मग आकाश भरून यायला लागलं तशी त्यांनी घाई केली. पिवळी पिसं कापली, मागून पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, सीलंट लावून अंगभर बसवली, केशरी तुरा बसवला, आणि कोंबडा फाटकाच्या खांबावर लोखंडी पट्टीने बांधला. काका रोज सकाळी जात, रोज परत येत. गल्लीत शिरले की मान वळवत, पिवळा ठिपका पकडत आणि त्याच्याकडे चालू लागत. फाटकाशी आल्यावर कोंबड्याला म्हणत, "काय राव, ड्यूटी कशी चाललीय?" पाऊस सुरू झाला, कोंबडा भिजला, वाळला, पुन्हा भिजला.

मग एका सुट्टीच्या दिवशी मुलगा आला. सकाळी आई-मुलगा ओट्यावर चहा घेत होते, मीही होते. काका बागेत गेले होते. एकाएकी वारा सुटला. साधा नाही, पत्रे वाजवणारा. पाठोपाठ आडवा पाऊस. आम्ही आत पळालो. वारा उतरला तेव्हा फाटकाशी जाऊन बघतो तो कोंबडा उभा होता, पण एका अंगाने पार बोडका. शेपटी अर्धी गेलेली. पिसं गल्लीभर उडाली होती. उरलेल्या अंगावर पांढरे-लाल-केशरी ओरखडे.

मावशींनी पायाशी पडलेलं एक पीस उचललं आणि उलटं केलं. पाठीमागे सीलंट जसंच्या तसं होतं. सीलंटवर पिवळा रंग, त्याच्या मागे केशरी, त्याच्या मागे लाल, शेवटी पांढरा. रंगांचा सगळा पापुद्रा पिसाला घट्ट धरून बाहेर आला होता.

"डिंकाने सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "रंगाने सोडलं. मी रंगावर डिंक लावला!" त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "जगाला सांगत आले, रंगावर चिकटवू नका, उघड्या फोमवर चिकटवा. आणि स्वतः चार रंगांवर चिकटवून बसले. यांना दिसला, त्या आनंदात खरवडायचं सुचलंच नाही मला."

मुलगा चपला घालत होता. "आई, ते नंतर. मी बाबांना आणतो."

"जा," मावशी म्हणाल्या. मग अगदी हळू, "चूक माझ्या हातची आहे, त्यांची नाही, एवढं लक्षात ठेव. पण ठरलं ते ठरलं. आज ते चुकले तर मी सामान बांधते."

मुलगा फाटकाबाहेर पडला आणि थांबला. गल्लीच्या तोंडाशी काका दिसत होते. वाकलेले. त्यांनी खालून काहीतरी उचललं, हाताने चाचपलं, काखेत धरलं. दोन पावलं पुढे आले, मान वळवली, पुन्हा वाकले.

"पिसं," मी म्हणाले.

समोरचं काकांना दिसत नाही, पण पायाशी कडेकडेला पडलेलं पिवळं दिसत होतं. वारा आमच्याकडून गल्लीच्या तोंडाकडे गेला होता आणि पिसं त्या वाटेवर टाकत गेला होता. काका ती वेचत उलट्या दिशेने, घराकडे येत होते. मुलगा हाक मारणार होता, मावशींनी त्याचा दंड धरला.

शिवणकाम करणाऱ्या वहिनींच्या पायरीवर एक मोठं पीस पडलं होतं. काका तिथे वळले. त्यांनी पीस उचललं, पायरीवर एक पाऊल ठेवलं. वहिनी दारातच होत्या, गळ्यात टेप. एरवी त्यांचं तोंड मशीनसारखं चालतं, पण त्या वेळी त्यांनी स्वतःच पदर तोंडात धरला. काका उभे राहिले. पायरीवर चाचपलं, आणखी पीस सापडलं नाही. त्यांनी मान वळवून गल्ली पाहिली. पुढे, दोन फाटकं सोडून, आमच्या अर्धबोडक्या कोंबड्याच्या उरलेल्या अंगाचा पिवळा ठिपका त्यांना दिसला असणार. काकांनी पाऊल मागे घेतलं आणि आमच्याकडे चालत आले.

"अगं," ते फाटकाशी येऊन गरजले, "तुझ्या कोंबड्याची पिसं झडायला लागली! सगळी गल्ली झाडून आणलीय, बघून घे."

मावशींनी पिसं घेतली. मुलाने वडिलांचे ओले खांदे पुसले. तो बराच वेळ पुसत राहिला, खांदे कोरडे झाले तरी.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "आज पिसं या बाजूला उडाली म्हणून. उद्या वारा उलटा असला तर?"

"तर चुकेन," काका म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, साधा होता. "ते काही मी नाकारत नाही. तुझ्याकडे मी सुखात राहीन, तेही मला माहीत आहे. पण तिथे मला कुणीतरी घरी आणील. इथे मी घरी येतो. तेवढं एक उरलंय रे माझ्याकडे."

मुलगा फाटकाकडे गेला. कोंबड्याच्या बोडक्या बाजूवरून हात फिरवला, सुटलेल्या रंगाची एक साल नखाने काढली. ती लांबच लांब निघाली. त्याने आईकडे बघून विचारलं, "हे सगळं काढायचं कसं?"

 मावशी एकदम कामाला लागल्या. "पट्टी सोड. खाली घे. चिमटीने नको, पात्याने खरवड. आणि स्पिरिट लावू नकोस फोमला, नुसतं घास."

तो सगळा दिवस दोघं अंगणात बसून खरवडत होती. फोमचा पांढरा भुगा मुलाच्या केसांत, भुवयांत. काका मधे मधे येऊन पिसांच्या पाठीवरचे पापुद्रे सोलत बसत. त्याला डोळे लागत नाहीत, नखं लागतात. उघडा फोम घासून, धूळ झाडून, त्यावर सीलंटच्या नागमोडी रेघा आणि एकेक पीस दाबून वर कागदी टेप. मग कोंबडा घरात आडवा ठेवला. आता रंग शेवटी, नुसता पिसांमधल्या मोकळ्या फोमला, कारण उघड्या फोमला ऊन खातं. मुलाने रजा घेतली. कामावर फोन करून काय सांगितलं कोण जाणे. बहुतेक कोंबडा आजारी आहे असंच सांगितलं असावं.

"अति घाई संकटात नेई," काका दर थोड्या वेळाने म्हणत. बसच्या पाठीवर लिहिलेलं असतं ना, तसं.

"कळलं हो," मावशी म्हणत. "आता तुमच्याच पाठीवर लिहिते."

डिंक पुरा वाळेपर्यंत फाटकाचा खांब रिकामा होता. पहिल्याच संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या वहिनी पिवळ्याधमक कापडाचा तागा घेऊन आल्या, खांबाला चांगला गुंडाळला आणि वर गाठ मारली. एका गिऱ्हाईकाच्या पडद्यांचं कापड होतं. "धुऊन देईन," म्हणाल्या, "तिला काय कळतंय." सकाळी काका निघाले तेव्हा भाजीवालीने गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, ट्रकच्या रस्त्याच्या बाजूला लावली आणि काका घरात शिरेपर्यंत हलवली नाही. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, "बाई, इथे सावली चांगली आहे." तिथे सावली नव्हती.

कोंबडा पुन्हा उभा राहिला. त्यानंतर दोन वादळं झाली. एकदा बेकरीच्या पाटीचा अर्धा भाग उडून गेला. कोंबड्याचं एक पीस हललं नाही. पावसाचे दिवस संपले आणि काका एकदाही चुकले नाहीत. मुलगा आला, त्याने शेपटीचं एक पीस धरून जोराने ओढलं, मग दुसरं. मग हसला. "आई, माझ्या दारालाही एक कर," म्हणाला. "आमच्या मजल्यावरची सगळी दारं सारखीच आहेत. बाबा आठ दिवस राहायला आले तर त्यांचे ते खाली जाऊन वर येतील."

मी गेले तेव्हा मावशी मुलाच्या दारासाठी एक छोटी कोंबडी करत होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटलेले. काका नुकतेच बागेतून आले होते. फाटकाशी थांबून त्यांनी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथूनच मला म्हणाले, "बाई, माझ्या बसमधून उतरताना लोक थॅंक्यू म्हणायचे. म्हातारी माणसं तर हमखास. वळून म्हणायची. मला वाटायचं, यात काय एवढं, घराजवळ सोडलं, बस्स. आता कळतं, का म्हणायचे ते." मग त्यांनी मान जराशी वळवली, मावशींचा पदर नजरेच्या कडेला पकडला आणि म्हणाले, "हिला मात्र मी कधी म्हटलं नाही."

"आणि आता म्हणूही नका," मावशी डोकं वर न करता म्हणाल्या. "दोन्ही हातांना डिंक आहे. डोळे पुसायला कुणाला बोलवू?"